अनोळखी माणसाशेजारची खुर्ची

मुंबईत लग्नाला गेलो की आपण दारातूनच ओळखीचे चेहरे शोधतो, त्याच घोळक्यात शिरतो, आहेर देतो, जेवतो आणि लोकल पकडतो. पुढच्या वेळी थोडं वेगळं करून बघा.

सुरुवात जागेपासून. जेवायला घरच्यांबरोबर न बसता ज्यांना ओळखत नाही त्यांच्या शेजारची खुर्ची घ्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं की नवी माहिती जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला आहे.

मग बोलायला काढा. आपल्याकडे तयार प्रश्न आहेच, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" त्यावरून गाव निघतं, गावावरून माणूस उलगडतो. पगार, जागेचा भाव, "मुलांचं लग्न कधी?" हे मात्र टाळा. गणपतीच्या दर्शनाला "किती वर्षांचा गणपती?" एवढं विचारलं तरी यजमान खुलतात. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोसायटीत हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, तर ज्या मजल्यावर कधी गेला नाहीत तिथे आधी जा.

आता खरं काम: ऐकणं. दादरच्या एका लग्नात माझ्या शेजारी एक काका होते. मठ्ठ्याचा पेला बाजूला सारून त्यांनी कागदी रुमालावर माझं नाव जुन्या मोडी लिपीत लिहिलं, हात न उचलता, एका ओघात. मला आजोबांची पत्र्याची पेटी आठवली. आतले कागद घरात कुणालाच वाचता येत नव्हते. मी तसं बोलून गेलो. गप्प राहिलो असतो तर ते बासुंदी संपवून उठले असते. म्हणून सांगतो, आपल्या घरात काय अडलंय तेही बोलावं. भिडस्त माणसांना हेच जड जातं, पण गाठ तिथेच बसते.

नंबर घेताना खूण जोडून ठेवा: "मोडीवाले काका, दादर लग्न". नुसतं नाव महिन्याभरात विसरतं. दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवा, तोही कामाचा. नुसत्या 'शुभ सकाळ'ने ओळख वाढत नाही. मी एका कागदाचा फोटो पाठवला होता.

पुढच्या रविवारी काका भिंग घेऊन घरी आले. पहिलाच कागद विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा निघाला. त्यात पणजीचं नाव होतं. ते तोवर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.