पाटाच्या टोकाला कोण? मुलांना सृष्टीची राखण आणि ख्रिस्ती ममता शिकवताना

उत्पत्ती 2:15 हे वचन मराठीत वाचताना खान्देशातल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे असे फारसे काही उरत नाही. देवाने मनुष्याला एदेन बागेत ज्या दोन कामांसाठी ठेवले, त्यांना मराठी पवित्र शास्त्राने ‘मशागत’ आणि ‘राखण’ हे शब्द दिले आहेत आणि ते दोन्ही मुलांनी घरी ऐकलेले असतात. वखर चालवणे, कोळपणी करणे ही मशागत आणि दादरीच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतात मचाणावर उभे राहून गोफणीने पाखरे उडवणे ही राखण. माझ्या शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे मंडळीत रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गातल्या, एका मुलाने यावरच मला अडवले होते. राखण म्हणजे पाखरे हाकलणे असेल, तर उन्हाळ्यात त्याच पाखरांसाठी पाणी का ठेवायचे, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर लेवीय 19:9–10 मध्ये सापडते, कारण शेताच्या कडेकोपऱ्यातले पीक कापू नये आणि पडलेला सरवा वेचून नेऊ नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा तेथे आहे. पीक राखायचे, पण शेवटच्या कणसापर्यंत सगळे आपलेच मानायचे नाही, एवढी गोष्ट आठ वर्षांच्या मुलालाही पटते.

दुसरा शब्द ममता हा आहे. गलतीकरांस पत्र 5:22 मध्ये आत्म्याच्या फळांत तो येतो. रोजच्या मराठीत ममता आईची असते, आणि म्हणून मुलांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही. ती घराच्या उंबऱ्याबाहेर कशी न्यायची, एवढेच शिकवायचे राहते. पर्यावरणाचा पाठ एका रविवारी आणि दयेचा पाठ दुसऱ्या रविवारी, अशी विभागणी मी काही वर्षे केली. त्यातून मुलांनी पहिल्या रविवारी घोषणा पाठ केल्या आणि दुसऱ्या रविवारी वचने पाठ केली, यापलीकडे काही घडले नाही. हे दोन पाठ वेगळे नाहीतच, असे आता माझे मत झाले आहे. आपल्या हातून होणाऱ्या प्रत्येक कामाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जीव असतो, आणि त्याचा विचार करण्याची सवय लागली की दोन्ही पाठ एकदमच होतात.

पाठाची सुरुवात पांझरेकाठच्या फडापासून

ही सवय लावण्यासाठी परदेशी चित्रफिती दाखवण्यापेक्षा धुळे आणि साक्री तालुक्यांतल्या फड पद्धतीची गोष्ट सांगावी. पांझरा नदीवर बंधारे बांधून पाटाने पाणी शेतांत खेळवण्याची ही रीत काही शतकांपूर्वीची आहे आणि तिचा कारभार गावकरीच पाहत आले आहेत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असल्याने सर्वांची पाण्याची गरज सारखी राहते, आणि पाणी कोणी किती घ्यायचे ते स्वतः शेतकरी ठरवत नाही, तर पाटकरी ठरल्या क्रमाने प्रत्येकाच्या शेताला पाणी देतो. हे सांगून झाल्यावर मुलांना जमिनीवर खडूने पाट काढायला लावावा, दहा मुलांना त्याच्या काठाने उभे करावे आणि पहिल्या मुलाच्या हाती पाण्याचा तांब्या देऊन प्रत्येकाने आपल्या पेल्यात हवे तेवढे ओतून घ्यावे व तांब्या पुढे द्यावा, असे सांगावे. सातव्या-आठव्या मुलापाशी तांब्या रिकामा होतो. मग शेवटच्या मुलाला, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला, कसे वाटले ते सर्वांसमोर बोलू द्यावे आणि मध्ये आपण काही बोलू नये.

यानंतर इसहाकाच्या विहिरींची गोष्ट (उत्पत्ती 26:18–22) वाचावी. त्याच्या माणसांनी खणलेल्या दोन विहिरींवर गराराच्या गुराख्यांनी भांडण केले, तेव्हा तो दोन्ही वेळा पुढे निघून गेला, आणि तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही. मोठी मुले येथे हटकून विचारतात की आपली विहीर सोडून देणे हा भित्रेपणा नव्हे काय. यावर ठाम उत्तर देण्याची घाई करू नये. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या तालुक्यांत पाण्यावरून होणारी भांडणे मुलांनी पाहिलेली असतात, आणि त्यांचे त्यांना बोलू दिले तर ती आपल्यापेक्षा नेमके बोलतात.

पाठाचा क्रम नेहमी असाच ठेवावा, म्हणजे आधी हाताचे काम, मग ‘याच्या टोकाला कोण आहे?’ हा प्रश्न आणि शेवटी वचन. वचन आधी सांगितले की मुले उत्तर ओळखून मोकळी होतात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी काम आणि प्रश्न पुरेत, वचनाऐवजी एका वाक्याची प्रार्थना चालते. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र उत्पत्ती 1:28 मधील सत्ता चालवण्याची आज्ञा आणि 2:15 मधील राखण ही दोन्ही वचने शेजारी ठेवून वाचायला लावावीत, कारण पहिल्याच वचनावर थांबणारी पुष्कळ मोठी माणसे त्यांना पुढे भेटणार आहेत.

परळ आणि गळका नळ

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत लवकर विसरले जाणारे काम असते. मातीचे पसरट परळ घ्यावे, दोन इंचांपेक्षा खोल घेऊ नये, आणि त्यात दोन-तीन खडे ठेवावेत म्हणजे चिमणीला पाय टेकायला जागा मिळते आणि मधमाशी बुडत नाही. ते सावलीत, पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या उंच जागी असावे. पाणी रोज सकाळी ओतून टाकून नवे भरावे आणि परळ साबण न लावता काथ्याने घासावे. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, हेही मुलांना सांगावे, कारण आपण केलेल्या दयेने शेजाऱ्याच्या घरी ताप जाऊ नये.

खरा पाठ परळ ठेवण्यात नसून ते सांभाळण्यात आहे. सुट्टीत मूल मामाच्या गावी निघाले की, ‘तू गेल्यावर पाणी कोण भरणार?’ एवढेच विचारावे. शेजारच्या घरी जाऊन, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, ‘काकू, मी येईपर्यंत एवढे पाणी भराल का?’ असे मुलाने स्वतः विचारावे आणि परत आल्यावर आभार मानून यावे. शेजारप्रीती याहून सोप्या रीतीने शिकवता येईल, असे मला वाटत नाही.

पाण्याचा हिशेब मुलांनी स्वतः करावा. मंदिराच्या (चर्चच्या) किंवा घराच्या गळक्या नळाखाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवून तो किती वेळात भरतो हे घड्याळावर पाहावे. पंधरा मिनिटांत भरला, तर दिवसाला 19 लिटरांहून अधिक पाणी वाया जाते, म्हणजे जवळपास एक मोठा हंडा. त्यानंतर तेवढा हंडा भरून एकेका मुलाला दोन्ही हातांनी उचलून पाहायला सांगावे. तो डोक्यावरून कोण आणते, किती लांबून आणते, हे मुलांना माहीत असते, फक्त ते कोणी विचारलेले नसते. नळाचा वायसर बदलण्याचे काम मोठ्या मुलांना पान्यासह शिकवावे, त्यासाठी नळजोडणीवाल्याची वाट पाहू नये.

प्रीतिभोजनानंतरचा अर्धा तास

आमच्याकडे नाताळाच्या किंवा पीकपाण्याच्या उपकारस्तुतीनंतर मंडळीचे प्रीतिभोजन होते आणि त्यामागे कचऱ्याचा ढीग उरतो. पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करण्यास येशूने शिष्यांना सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या (योहान 6:12–13). चमत्कार करू शकणाऱ्यानेही उरलेले वेचायला लावले, ही बाब प्रवचनांत क्वचित येते, पण मुलांच्या लक्षात ती पक्की राहते. त्यांना तीन टोपल्या द्याव्यात. न उष्टावलेले अन्न पहिल्या टोपलीत घेऊन ते त्याच दुपारी कोणाला द्यायचे हे आधीच ठरवून ठेवावे. उष्टे आणि पत्रावळी दुसऱ्या टोपलीत जमवून खड्ड्यात मातीचा थर देऊन पुरावे, आणि बाटल्या व प्लॅस्टिक तिसऱ्या टोपलीत टाकावे. फुटलेला पेला कागदात गुंडाळून त्यावर ‘काच’ असे लिहिण्याचे काम सर्वांत धांदरट मुलाकडे द्यावे. घंटागाडीवर त्या पिशवीत हात घालणारा माणूस कोण, त्याचे नाव काय, हे त्यालाच विचारून यायला सांगावे.

महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर 2018 पासून बंदी आहे, तरीही त्या समारंभांत दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी पळसाच्या पत्रावळी आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची पाने सहज मिळत असताना त्यांची गरज नाही. मात्र ही सूचना मंडळीच्या सभेत मुलांच्या तोंडून करवू नये. ती आपण पाळकसाहेबांकडे आधी मांडावी आणि मुलांना पत्रावळी लावण्याच्या कामात घ्यावे.

मोहाखालची आग आणि बोलण्याची रीत

धडगाव-अक्कलकुवा भागात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचतात. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि ती आग कधीकधी जंगलात पसरते. पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जुनी लुगडी अंथरणे हे दोन्ही उपाय चालतात, शिवाय फुले राखेने खराब होत नाहीत. परंतु हा पाठ घेताना शिक्षकाने फार जपून बोलावे. पावरा आणि मावची या आदिवासी समाजांच्या घरांतल्या मुलांना कोणती भाजी कोणत्या महिन्यात उगवते आणि कोणता कंद किती उकरायचा हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. अशा मुलाने घरी जाऊन आजोबांना ‘तुम्ही पाप करता’ असे म्हणावे, यात ना राखण आहे ना ममता. ‘बाबा, या वेळी आपल्या झाडाखाली मी झाडून देऊ का?’ एवढे विचारण्याची वाक्ये वर्गात पावरीत किंवा अहिराणीत, ज्याच्या त्याच्या घरच्या बोलीत, म्हणवून घ्यावीत. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी गाव उदाहरण म्हणून जरूर सांगावे. तेथील गावकऱ्यांनी स्वतः नियम करून उजाड झालेले जंगल पुन्हा उभे केले आणि त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांची गोष्ट आपल्या वर्गात नको, असे एका पालकांनी मला सुचवले होते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक 10), जिच्यात परक्या समाजाचा माणूसच जखमी वाटसरूला मदत करतो, नेमकी याच आक्षेपाला उत्तर देते, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

संक्रांतीच्या आठवड्यात नायलॉन मांजाचा विषय टाळू नये. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. साधा सुती दोरा वापरावा, आणि पतंग संपल्यावर तारांवर-झाडांवर न चढता, हाती येईल तेवढा दोरा काडीला गुंडाळून आणणाऱ्या मुलांबरोबर लूक 12:6 मधील चिमण्यांचे वचन वाचावे. जखमी पक्षी सापडल्यास त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून गुरांच्या दवाखान्यात न्यावे.

रोप लावण्यापूर्वी

रोपे लावण्याचा कार्यक्रम 5 जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या दिवशी खान्देशात बहुधा ऊनच असते. मे महिन्यात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत, आणि जुलैत जमीन चांगली भिजल्यावर कडुनिंब, चिंच, जांभूळ किंवा अंजन लावावे. मी पहिल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीस रोपे लावून घेतली, छायाचित्रे काढली, आणि दिवाळीपर्यंत त्यांतली चार उरली. त्यापेक्षा वाईट म्हणजे, मेलेल्या रोपांवर ज्यांच्या नावाच्या पाट्या होत्या ती मुले त्या कोपऱ्याकडे जाईनाशी झाली. पाट्या मी काढून टाकल्या, आणि तेव्हापासून रोपावर कोणाचे नाव लावत नाही.

आता सहाच रोपे असतात आणि प्रत्येक रोपाला दोन मुले असतात, त्यांतले एक शक्यतो जवळ राहणारे. रोपापासून वीतभर अंतरावर बिनझिलईचे मडके तोंडापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकण ठेवले की पाणी हळूहळू झिरपते आणि आठवड्यातून दोनदा भरले तरी उन्हाळा निभावतो. निदान तीन उन्हाळे हे करावे लागते, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. एखादे रोप वाळलेच, तर ते गुपचूप बदलू नये. ज्या दोघांकडे ते होते त्यांच्याबरोबर उपटून त्याची मुळे पाहावीत. वाळवी लागली असेल, मडके कोरडे राहिले असेल, शेळीने शेंडा खाल्ला असेल, ते वहीत लिहावे. मग लूक 13:6–9 वाचावे, जेथे फळ न देणारे अंजिराचे झाड तोडायला निघालेल्या मालकाला माळी म्हणतो की हे एक वर्ष राहू दे, मी याच्याभोवती खणून खत घालतो. वाचून झाले की त्याच दोघांच्या हाती कुदळ द्यावी, तोच खड्डा उकरून घ्यावा, आणि नवे रोप आणायला पुढच्या जुलैपर्यंत थांबावे.