साथीच्या काळात रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा बर्नआउट कसा ओळखावा आणि कसा कमी करावा

साथ आली की रुग्णालयातील माणसे थकतात, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नसते. कोण थकले आहे, कामातील कोणत्या गोष्टीमुळे थकले आहे आणि त्यांपैकी काय बदलणे व्यवस्थापनाच्या हाती आहे, हे मात्र पाहणीशिवाय कळत नाही. जिल्हा रुग्णालये, महापालिकांची रुग्णालये आणि मध्यम आकाराची खासगी रुग्णालये यांतील वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका आणि विभागप्रमुख यांना उपयोगी पडेल अशी रीत येथे दिली असून, तिला २०२० आणि २०२१ मधील कोविडच्या लाटांचा संदर्भ आहे.

सुरुवातीलाच बर्नआउट आणि कामातील समाधान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नसून, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण असा त्याचा उगम सांगितला आहे. शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे. समाधानाचा हिशेब निराळा असतो. पगार, नियम आणि वरिष्ठांची वागणूक बिघडली की असमाधान वाढते, परंतु ती सुधारल्याने समाधान आपोआप येत नाही. ते मुख्यतः कामातून आणि त्या कामाच्या कदरीतून येते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले होते. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली. तरीही रुग्णालयात ती उपयोगी पडते, कारण अतिदक्षता विभागातील एखादी सिस्टर ‘इतके अर्थपूर्ण काम यापूर्वी केले नव्हते’ असे मनापासून म्हणते आणि त्याच वेळी तिची झोप उडालेली असते. अशी माणसे स्वतःहून जादा ड्युटी मागतात, सुट्टी घेत नाहीत, आणि म्हणून प्रत्येक अडचणीत व्यवस्थापन त्यांच्यावरच भार टाकते. माझ्या मते सर्वाधिक लक्ष याच गटाकडे द्यावे लागते, आणि केवळ समाधानाची प्रश्नावली वापरणाऱ्या रुग्णालयाला हा गट दिसतच नाही.

मोजणीसाठी क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांची १९८१ ची बावीस प्रश्नांची मापनपट्टी सर्वांत प्रसिद्ध आहे, परंतु ती वापरण्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. लहान रुग्णालयाला २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली कोपनहेगन प्रश्नावली अधिक सोयीची आहे. ती विनामूल्य असून तिच्यात एकोणीस प्रश्न आहेत: सहा व्यक्तिगत थकव्याचे, सात कामामुळे येणाऱ्या थकव्याचे आणि सहा ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यामुळे, म्हणजे येथे रुग्णांमुळे, येणाऱ्या थकव्याचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते शंभर यांपैकी गुण मिळतात आणि भागवार सरासरी काढली जाते. कुटुंब आणि मित्रांसाठी पुरेशी शक्ती उरते का, या प्रश्नाचे गुण उलटे धरायचे असतात; बेरीज करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवले नाही, तर थकलेल्यांचा निकाल सौम्य दिसतो. तिन्ही भागांचे आकडे वेगवेगळेच वाचावेत. कामाचा थकवा जास्त आणि रुग्णांमुळे येणारा कमी असेल, तर दोष बहुधा पाळ्यांच्या आखणीत किंवा साधनांच्या टंचाईत असतो, आणि तेथे रुग्णांशी संवाद कसा साधावा याचे प्रशिक्षण देऊन काही साधत नाही.

खरी उत्तरे मिळवणे हे गणितापेक्षा कठीण आहे. निवासी डॉक्टरचा प्रबंध, कंत्राटी परिचारिकेचे नूतनीकरण आणि सफाई कर्मचाऱ्याची हजेरी ज्यांच्या सहीवर अवलंबून असते, त्यांनीच प्रश्नावली वाटली तर सगळे आलबेल असल्याचे चित्र हमखास मिळते. म्हणून हे काम जवळच्या परिचर्या महाविद्यालयाकडे किंवा समाजकार्य महाविद्यालयाकडे सोपवावे, नाव आणि कर्मचारी क्रमांक विचारू नये, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर करू नये, कारण पाच जणांच्या वॉर्डात कोणी काय लिहिले हे लगेच ओळखता येते. वॉर्डातील मामा आणि मावशी यांना प्रश्न बाहेरच्या व्यक्तीने वाचून दाखवावेत. आत्महत्येच्या विचारांविषयीचा प्रश्न निनावी कागदावर कधीही घालू नये. उत्तर ‘होय’ आले तर त्या माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. त्याऐवजी कागदाच्या शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या दूरध्वनीवरील सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि रुग्णालयाबाहेरील एखाद्या समुपदेशकाशी संपर्क साधण्याची सोय छापावी.

लाट शिगेला असताना एकोणीस प्रश्न पुढे करणे हा छळ आहे. त्या आठवड्यांत कार्यालयातील नोंदवह्याच वाचाव्यात: नाकारलेल्या रजा, आजारपणाच्या रजा, सलग जादा पाळ्या, हँडओव्हरला होणारा उशीर, राजीनामे. पूर्ण पाहणी लाट ओसरल्यावर करावी आणि ती करताना रजेवर, विलगीकरणात किंवा नोकरी सोडून गेलेल्यांनाही विचारावे. केवळ हजर असलेल्यांना विचारले तर जे टिकून राहिले त्यांचेच मत समजते.

निकाल हाती आला की ध्यानवर्ग भरवण्याचा मोह होतो. योगासने वाईट नाहीत, पण बारा तासांच्या रात्रपाळीनंतर त्यांच्यासाठी थांबायला लावणे ही शिक्षाच ठरते. सुरुवात पाळ्यांच्या तक्त्यापासून करावी. पीपीई किट घातल्यावर पाणी पिता येत नाही, स्वच्छतागृहात जाता येत नाही, मासिक पाळीच्या दिवसांत तर हाल होतात. त्यामुळे सलग किती वेळ किटमध्ये राहायचे याची मर्यादा लेखी ठरवावी आणि किट चढवण्या-उतरवण्याचा वेळ ड्युटीतच मोजावा. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकाव्यात, उलट्या क्रमाने नव्हे, आणि दोन पाळ्यांमध्ये निदान अकरा तासांचे अंतर असावे. तक्ता दोन आठवडे आधी फलकावर लागावा, कारण आपली रात्रपाळी कधी आहे हे ठाऊक असलेला माणूस घरची व्यवस्था करू शकतो. साथीच्या वॉर्डात कोणाला किती वेळा पाठवले, हेही त्याच फलकावर लिहावे. कनिष्ठांना आणि कंत्राटींनाच पुन्हा पुन्हा पाठवले जाते हा संशय कामाच्या ओझ्याइतकाच माणसाला पोखरतो. या सगळ्यासाठी मनुष्यबळ लागते, ते नसते, हे खरेच आहे. अशा वेळी तातडीच्या नसलेल्या नोंदी, दुहेरी रजिस्टरे आणि रोजचे अहवाल यांतले काय थांबवता येईल याची यादी परिसेविकांकडूनच मागवावी.

पैशाचा प्रश्न आभाराच्या फलकांनी सुटत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर द्यावे यासाठी जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्देश द्यावे लागले, आणि त्यानंतर एका वर्षाने, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशा सेविकांना मानधनासाठी संपावर जावे लागले. कोविडच्या काळात लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने वेतन थकवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत होती. म्हणून अधीक्षकांनी कंत्राटदाराची वेतनवही दर महिन्याला स्वतः पाहावी. विलगीकरणाचे दिवस रजेतून कापू नयेत. कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास तक्रार संस्थेने द्यावी, त्याला एकट्याला पोलीस ठाण्यात पाठवू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर साथरोग कायद्यात अशा हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद झाली.

मृत्यू फार झाले त्या पाळीनंतर सर्वांना बसवून अनुभव सांगायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. सक्तीच्या अशा बैठकीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. चहा, बसायला जागा, घरी जाण्याची सोय आणि ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकणारा एखादा वरिष्ठ सहकारी, एवढे पुरे असते. खाट कोणाला द्यायची यासारखे निर्णय तेथे ड्युटीवर असलेल्या निवासी डॉक्टरवर एकट्यावर सोडू नयेत. त्यासाठी वरिष्ठांची लहान समिती नेमून तिचे नाव त्या निर्णयाखाली लिहावे.

पाहणीचा निकाल पंधरा दिवसांच्या आत कर्मचाऱ्यांसमोर ठेवावा आणि त्यासोबत काय बदलणार, काय बदलता येणार नाही आणि का, हे लिहून द्यावे. तीच प्रश्नावली तीन महिन्यांनी पुन्हा द्यावी. दुसऱ्या वेळी उत्तरे देणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली, तर गुणांच्या सरासरीकडे पाहण्याआधी पहिल्या वेळी दिलेल्या आश्वासनांपैकी कोणती अपुरी राहिली ते तपासावे.