गिनी पिगचं खाणं : या चुका टाळा, आणि आधी गवत आणा

दिवाळी आणि मे महिन्यात माझ्याकडे लोक आपापले गिनी पिग सांभाळायला सोडून जातात. सोबत एक पिशवी असते. पिशवी उघडली की आत रंगीबेरंगी दाण्यांचं पाकीट, व्हिटॅमिनच्या थेंबांची बाटली, चाटायला मिठाचा खडा, कधीकधी मारी बिस्किटंसुद्धा. ("आमच्याबरोबर चहाच्या वेळी लागतं हो त्याला.") गवत मात्र नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "गवत त्याला आवडत नाही."

काय खायला घालू नये याच्या याद्या सगळ्यांना पाठ असतात. कांदा नको, चॉकलेट नको. पण मी आजवर जे आजारी गिनी पिग बघितले, त्यातले बहुतेक काहीतरी विषारी खाऊन आजारी पडलेले नव्हते. त्यांना रोजचं जे मिळायला हवं तेच मिळत नव्हतं.

गवताला पर्याय शोधणं

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या भागातला, गवतावर जगणारा. त्याच्या तोंडात 20 दात असतात आणि पुढच्या दातांपासून मागच्या दाढांपर्यंत सगळे जन्मभर वाढत राहतात. ते झिजतात फक्त चरचर गवत चावून. पेलेट, म्हणजे दाबून केलेलं तयार खाद्य, दोन चाव्यांत भुगा होऊन पोटात जातं, त्यात दाढांना काही कामच उरत नाही. दुसरी गोष्ट आतड्याची. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी पिशवी असते, तिथले जिवाणू चोथा आंबवून पचवतात. आत सतत काहीतरी चोथ्याचं जात राहिलं तरच ती यंत्रणा चालू राहते. ती थांबली की पोट फुगतं, आणि या प्राण्याला उलटी करता येत नाही.

म्हणून गवत चोवीस तास समोर हवं. किती, तर रोज साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग. पेलेट मोठ्या गिनी पिगला दिवसाला दीड-दोन टेबलस्पून, पालेभाजी वाटीभर. पेलेट ही ताटाची डावी बाजू आहे. कोणी नुसत्या चटणी-लोणच्यावर जेवत नाही.

आता चिकूची गोष्ट सांगते. पुण्यातल्या बिबवेवाडीतलं एक कुटुंब दिवाळीत गावाला जाताना त्याला माझ्याकडे ठेवून गेलं. दोन वर्षांचा, तपकिरी, फार गोड स्वभावाचा. पिशवीत तेच रंगीत मिश्रण : सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, लाल-हिरव्या चकत्या. तो त्यातल्या बिया वेचून खायचा आणि बाकीचं तसंच ठेवायचा. हे सगळेच करतात, म्हणून तर ते मिश्रण घेऊ नका म्हणते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की चिकू वाडग्याकडे धावत येतो, तुकडा उचलतो, तोंडात घोळवतो आणि टाकून देतो. भूक आहे, पण खाता येत नाही. हनुवटी आणि गळ्याखालची लव सतत ओली.

मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "महिन्याभरापूर्वी डॉक्टरांना दाखवलंय, दात बघितले, ठीक आहेत म्हणाले." ते डॉक्टर कुत्र्यामांजरांचे. त्यांनी ओठ वर करून पुढचे दात बघितले होते. गिनी पिगचा घोटाळा मागे असतो आणि तोंड इतकं अरुंद की साध्या डोळ्यांना दाढा दिसतच नाहीत. शेवटी ससे, गिनी पिग अशा लहान प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढून जिभेवर कमानीसारख्या वळल्या होत्या. जीभ खाली अडकलेली. घास मागे ढकलणार कसा?

भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या. इतक्या लहान जीवाला भूल देणं हीच एक जोखीम. त्यानंतर पेलेट कोमट पाण्यात भिजवून, लगदा करून, सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेतून थोडं थोडं भरवायचं, रात्रीसुद्धा. मालक परत आले, खर्चाचा आकडा ऐकला आणि म्हणाले, "एवढ्यात दोन नवीन आले असते." यावर मी काही बोलले नाही. नवीन आणलेल्या दोघांनाही त्यांनी तेच पाकीट घातलं असतं. पुढे काही महिन्यांनी दाढा पुन्हा घासाव्या लागल्या, कारण एकदा बिघडलेली दातांची ठेवण सहसा पूर्ववत होत नाही. आता मात्र तो गवत खातो. आवडत नव्हतं, असं नव्हतंच. दाढा टोचत असताना चावता येत नव्हतं, आणि त्याआधी समोर बियांचा ढीग असताना गवताकडे जायची गरज पडत नव्हती.

कोणतं गवत, हा पुढचा प्रश्न. परदेशी पाकिटातलं टिमोथी उत्तम, पण महाग. ते परवडत नाही म्हणून गवतच बंद, हा शहाणपणा मला अजून कळलेला नाही. स्वच्छ जागची हरळी, मारवेल, ओटचा चारा, मक्याच्या कणसाची हिरवी सालं आणि पानं, वाळलेलं डोंगरी गवत, हे सगळं महाराष्ट्रात मिळतं. गोठ्यांना चारा पुरवणाऱ्याशी ओळख काढा. गव्हाचा किंवा भाताचा पेंढा खाली अंथरायला चालेल, जेवण म्हणून त्यात फारसं काही नाही.

लसूणघासाबद्दल (अल्फाल्फा नावाचा हिरवा चारा, लसूण नव्हे) वेगळं सांगायला हवं, कारण ती सगळीकडे मिळते. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईंकडेसुद्धा तीच पेंडी असते आणि गिनी पिग ती अधाशासारखी खातात. सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला ती चांगली. मोठ्यांना रोज नको. तिच्यात कॅल्शियम फार असतं आणि गिनी पिगचं शरीर जादाचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं. पुढे मूत्राशयात खडा, लघवीत रक्त, लघवी करताना कुईं कुईं ओरडणं.

पावसाळ्यात गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतून बुरशी धरते. मी जुन्या उशीच्या अभ्र्यांत भरून दांडीला टांगते, ऊन पडलं की गच्चीवर पसरते, आणि घालण्याआधी नाक लावून वास घेते. कुबट आला की सरळ कचऱ्यात. सोसायटीच्या बागेत यंत्राने कापलेलं लॉनचं गवतही नको. ते चेचलेलं असतं, तासाभरात गरम होऊन आंबायला लागतं, शिवाय त्यावर काय फवारलंय ते माळीसुद्धा सांगू शकत नाही.

व्हिटॅमिन सी बाटलीत टाकून मोकळं होणं

माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही व्हिटॅमिन सी तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच यावं लागतं. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोघे संशोधक खलाशांच्या बेरीबेरीसारख्या आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवलं. बेरीबेरी झालाच नाही, झाला स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा रोग. ताजा कोबी, लिंबाचा रस असलं काही दिलं की तो टळायचा. शंभरहून अधिक वर्षं झाली याला, आणि अजून लोक मला सांगतात, "आमचा पोळी-भाकरी छान खातो!" खाईल की. होल्स्टचेही खात होते.

निरोगी मोठ्या गिनी पिगला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम लागतं, वाढत्या, गाभण किंवा आजारी गिनी पिगला 30 पर्यंत. कमी पडलं की आधी केस राठ होतात, मग तो चालायला नाखूश होतो, सांधे सुजतात, मागचे पाय ओढतो. लोक म्हणतात, "पडला असेल कुठेतरी."

यावर दुकानदार थेंबांची बाटली देतो. पाण्यात टाका, काम झालं. पण पाण्यात आणि उजेडात हे व्हिटॅमिन भराभर निकामी होतं. चव बदलल्यामुळे काही गिनी पिग पाणीच कमी पितात. आणि बाटलीतलं किती पोटात गेलं, किती नळीतून गळून खालच्या गवतात गेलं, याचा हिशोब कोण ठेवणार? मला हा शॉर्टकट सगळ्यात जास्त खुपतो, कारण खरं उत्तर भाजीच्या पिशवीत पडलेलं असतं. हिरव्या ढोबळी मिरचीत 100 ग्रॅमला 80 मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं, म्हणजे 20-25 ग्रॅमच्या फोडीत किलोभराच्या प्राण्याची दिवसाची गरज आरामात भागते. सोबत कोथिंबिरीच्या चार काड्या. पेरूत याहून जास्त असतं, पण तो गोड, म्हणून बिया काढून नखाएवढा तुकडा, तोही क्वचित. आवळा बहुतेक जण हुंगून निघून जातात.

माणसांच्या मल्टीव्हिटॅमिनच्या गोळ्या कुटून घालू नका, त्यातली इतर जीवनसत्त्वं जास्त होतात. वेगळी गोळी लागलीच तर ती डॉक्टर ठरवतील.

पेलेटमधलं व्हिटॅमिन सीसुद्धा साठवणीत कमी होत जातं. म्हणून लहान पाकीट घ्या, उत्पादनाची तारीख बघा, साधारण तीन महिन्यांत संपवा. पोत्यातून मापून दिलेले सुटे पेलेट घेऊ नका, त्यांना तारीखच नसते. आणि सशाचे पेलेट "सारखेच असतात ताई" म्हणून गळ्यात मारले जातात. सारखे नसतात. ससा स्वतःचं व्हिटॅमिन सी स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या खाण्यात ते बहुधा घातलेलं नसतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पालक, माठ रोज : ऑक्झलेट, म्हणजे मूत्राशयात खडा धरायला मदत करणारं द्रव्य. आठवड्यातून एखाद्या वेळी दोन पानं. अळू कच्चं अजिबात नको.

शेवग्याचा पाला : पौष्टिक म्हणून रोज घालतात. कॅल्शियमचं वर सांगितलंय तेच.

कोबी, फ्लॉवर : एखादं पान चालतं, गड्डा नाही. पोटात वायू धरतो.

गाजर आणि फळं : रीलमध्ये कलिंगड खाणारे गिनी पिग छान दिसतात. दुसऱ्या दिवशीच्या पातळ लेंड्यांचं रील कोणी टाकत नाही.

कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, दूध-दही, भात, फरसाण, शिजवलेलं काहीही : नाही. मोड आलेली कडधान्यंही नकोत.

मिठाचा खडा : पैसे वाचवा.

ओली भाजी : मंडईतल्या जुडीचं मधलं बांधलेलं टोक आधी सडतं. जुडी सोडायची, पातेल्यात दोनतीन पाण्यांतून काढायची, पंच्यावर पसरून कोरडी होऊ द्यायची. फ्रिजमधली लगेच नाही. पिंजऱ्यात उरलेली भाजी दोनतीन तासांत उचला.

स्वतःच्या मऊ लेंड्या खातो म्हणून त्याला ओरडणं : खाऊ द्या. त्यातून त्याला जिवाणू आणि ब जीवनसत्त्वं परत मिळतात.

आजपासून सगळं बदलणं

असं काही वाचलं की उत्साही मंडळी त्याच संध्याकाळी जुनं पाकीट फेकतात आणि पिंजरा हरळीने भरतात. मग रात्री मला फोन, "पोट बिघडलंय." ज्याने महिनोन्‌महिने चोथा बघितलेला नाही, त्याचे आतड्यातले जिवाणू एका दिवसात बदलत नाहीत. वाळलं गवत पहिल्या दिवसापासून भरपूर ठेवा. हिरवं मुठीपेक्षा कमी, आणि दर दोनतीन दिवसांनी थोडं वाढवत न्या. रंगीत मिश्रण साध्या पेलेटमध्ये मिसळून आठवडा-दोन आठवड्यांत संपवा. नवी भाजी एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं. उपाशी ठेवून गवताची सवय लावायला जाऊ नका.

आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. दर रविवारी, खाण्याआधी, टोपलीत बसवून. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण 700 ते 1,200 ग्रॅम असतं, पण आकड्यापेक्षा तो कुठे सरकतोय ते महत्त्वाचं. आठवड्यात 50 ग्रॅम उतरले तर दात, लेंड्या, पाणी सगळं बघा. त्याहून जास्त उतरले तर डॉक्टर. हे प्राणी आजार लपवतात, काट्यावर मात्र लपत नाही.

बारा तास काहीच खाल्लं नसेल, लेंड्या बारीक झाल्या असतील किंवा बंद झाल्या असतील, तर "सोमवारी दाखवू" म्हणू नका. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर आज, तो धडधाकट असतानाच, शोधून ठेवा. आणि घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) त्याला पाजू नका. पेनिसिलिनच्या गटातली औषधं तोंडाने दिली की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि त्या औषधानेच गिनी पिग दगावू शकतो.