सोडियम-आयन बॅटरीसाठी सच्छिद्र कंपोझिट कॅथोड लॅबमध्ये कसा बनवायचा

सोडियमचा आयन लिथियमपेक्षा जाडजूड (त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६), त्याला ये-जा करायला मोकळ्या वाटा लागतात, म्हणून सुरुवात सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेटने म्हणजे एनव्हीपीने करा. ३.४ व्होल्टच्या आसपास सपाट प्लॅटो (म्हणजे चार्ज-डिस्चार्जमध्ये व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर), थिअरेटिकल कपॅसिटी साधारण ११७ एमएएच प्रति ग्रॅम. पण इलेक्ट्रॉन त्यातून नीट वाहत नाहीत, म्हणून कार्बन हवा आणि इलेक्ट्रोलाइट आत शिरायला छिद्रं हवीत.

व्हॅनेडियम पेंटॉक्साइड १ मोल आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ३ मोल पाण्यात घालून ७०-८० डिग्रीला ढवळत राहा, पिवळट गढूळ मिश्रण स्वच्छ निळं झालं की पुढे जा. (पेंटॉक्साइड विषारी आहे, वजन फ्यूम हूडमध्येच.) मग सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३ मोल आणि कार्बनसाठी थोडं ग्लुकोज.

आता सुकवणं, आणि माल बिघडतो तो इथेच. ओव्हनमध्ये सुकवलं तर पाणी उडताना पृष्ठताणामुळे छिद्रांच्या भिंती आत ओढल्या जातात आणि हाती घट्ट ढेकूळ येतं. फ्रीज ड्राय केलं तर बर्फाची थेट वाफ होते आणि बर्फाचे स्फटिक होते तिथे छिद्रं राहतात, त्यामुळे लिक्विड नायट्रोजनमध्ये झटकन गोठवलं तर छिद्रं बारीक, हळू गोठवलं तर मोठी. नंतर आर्गॉनमध्ये आधी ३५० डिग्रीला काही तास, मग हलकंच कुटून ७५०-८०० ला. बॉल मिलमध्ये तासन्‌तास फिरवू नका हो, कष्टाने केलेली छिद्रं सगळी मोडतात.

छिद्रं जितकी जास्त तितकं चांगलं, हे मला पटत नाही. पृष्ठभाग फार वाढला की इलेक्ट्रोलाइट जास्त लागतो, साइड रिअ‍ॅक्शन वाढतात, टॅप डेन्सिटी (आपटून बसवलेल्या पावडरची घनता) पडते आणि फॉइलवर पुरेसा माल बसत नाही.

स्लरी नेहमीचीच, ८:१:१ (एनव्हीपी, कंडक्टिव्ह कार्बन, बाइंडर), बाइंडर पीव्हीडीएफ आणि सॉल्व्हंट एनएमपी, कोटिंग अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर, १२० डिग्रीला व्हॅक्यूममध्ये सुकवा. सोडियम धातू वापरून कॉइन सेल करायचा तो आर्गॉन ग्लोव्ह बॉक्समध्येच, आणि टेस्ट २.५ ते ३.८ व्होल्टमध्ये.

कार्बन किती आहे ते हवेतल्या टीजीएवरून (तापवत वजन मोजण्याच्या चाचणीवरून) ठरवू नका, कारण कार्बन जळून वजन घटतं तेव्हाच व्हॅनेडियम ऑक्सिडाइझ होऊन वजन वाढतं, आकडा कमीच दिसतो. सीएचएन अ‍ॅनालिसिस (नमुना जाळून कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणं) करून घ्या, आणि कपॅसिटी लिहिताना ग्रॅममध्ये तो कार्बन धरलाय की नाही ते स्पष्ट लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही.