‘हार्मोन डिटॉक्स’ची बाटली उघडण्याआधी

मी कॅन्सर विभागात स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना औषधं समजावून सांगते. ऑपरेशन, केमो, रेडिएशन पार पडतं, रोजची हार्मोनची गोळी (इस्ट्रोजेन या हार्मोनला रोखणारी, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी) सुरू होते आणि त्याच सुमारास पर्समधून आणखी एक बाटली निघते: शरीरातलं इस्ट्रोजेन ‘साफ’ करते म्हणून विकलेली ‘हार्मोन डिटॉक्स’ची. डॉक्टर रागावतील म्हणून तिच्याबद्दल सांगितलेलं नसतं. कृपया सांगा. आम्हाला न सांगता घेतलेल्या बाटलीचीच मला जास्त काळजी वाटते.

सुरुवात बायोप्सीच्या रिपोर्टपासून करा. त्यात ईआर आणि पीआर अशी अक्षरं शोधा, म्हणजे गाठीवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर आहेत का ते. दोन्ही निगेटिव्ह असतील तर ती गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी नाही, त्यामुळे इस्ट्रोजेन ‘साफ’ करून तिच्यावर काही परिणाम होईल असं समजायला आधार नाही. पॉझिटिव्ह असतील तर पुढचं नीट वाचा.

इस्ट्रोजेनची विल्हेवाट लिव्हर रोजच लावत असतं. आधी त्याच्या रेणूत बदल होतो, मग त्याला सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं जातं आणि ते लघवी-पित्तावाटे बाहेर पडतं. आतड्यातले जिवाणू त्यातलं थोडं सुटं करतात आणि ते पुन्हा रक्तात येतं. इथपर्यंत डिटॉक्सवाले जे सांगतात ते खरं आहे. त्यापुढे ते लघवीच्या तपासणीचा रंगीत रिपोर्ट दाखवतात, त्यात इस्ट्रोजेनच्या बदललेल्या रूपांची नावं असतात: ‘2-हायड्रॉक्सी’ हिरवं म्हणजे चांगलं, ‘16-अल्फा’ लाल म्हणजे वाईट, आणि दोघांचं गुणोत्तर बिघडलंय. या गुणोत्तरावरून स्तनाच्या कॅन्सरचा धोका ओळखता येतो का, हे अनेक मोठ्या अभ्यासांत तपासलं गेलं. ठाम, सारखं उत्तर मिळालं नाही. एवढ्यावरून उपचार ठरवू नका.

आता बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. समोर ‘नैसर्गिक’ असं ठळक छापलेलं असतं, मागे बारीक अक्षरांत डीआयएम, हळदीचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क. कधी सगळं मिळून एकच आकडा देतात, कुठलं किती ते कळतच नाही. अशी बाटली मी तिथेच बाजूला ठेवायला सांगते.

डीआयएमवर मी थोडी थांबते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. कोबी-ब्रोकोलीतल्या एका घटकापासून पोटात हे तयार होतं. भाजी खा, खुशाल खा. गोळीचं तसं नाही. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 150 मिलिग्रॅम डीआयएम दिवसातून दोनदा, वर्षभर. ते मघाचं गुणोत्तर छान ‘सुधारलं’. पण रक्तातलं एन्डॉक्सिफेन कमी झालं. टॅमॉक्सिफेनचं मुख्य काम हे एन्डॉक्सिफेनच करतं आणि ते लिव्हरमध्येच तयार होतं. या घटीमुळे कॅन्सर परत येतो का, हे त्या अभ्यासातून ठरलं नाही, पण माझ्या समोर बसलेल्या बाईला मी हा धोका पत्करू देणार नाही. लिव्हरच्या यंत्रणेला हात घातला की तिथूनच जाणाऱ्या औषधालाही हात लागतो. काळ्या मिरीच्या अर्कासोबत घेतलेल्या हळदीच्या कॅप्सूलनेही एन्डॉक्सिफेन कमी झाल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती तर पूर्ण टाळा. ग्रीन टी आणि अश्वगंधाच्या अर्कांनी काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कॉफीचा एनिमा (गुदद्वारातून कॉफी सोडणं) कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. त्याने रक्तातले क्षार बिघडून मृत्यू झालेले आहेत.

बहुतेक जणी बाटलीकडे वळतात त्या अंगातून वाफा येतात, सांधे आखडतात, झोप लागत नाही म्हणून. तो त्रास खरा असतो आणि तो सहन करत बसायची गरज नसते. डॉक्टरांना तेच शब्द वापरून सांगा. लेट्रोझोलने सांधे फारच दुखत असतील तर गोळी बदलता येते. वाफांवर औषधं आहेत, मात्र टॅमॉक्सिफेनसोबत पॅरोक्सेटिन नको, वेनलाफॅक्सिन चालतं. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याला तुमची गोळी माहीत हवी.

इस्ट्रोजेन कमी करायचंच असेल, तर पाळी गेल्यावर ते मुख्यतः चरबीत तयार होतं. वजन आटोक्यात ठेवणं, नियमित चालणं, दारू बंद करणं. यात विकायला काही नाही, म्हणून जाहिरातही नाही.

कुणी ‘गोळी सोडा, आम्ही बरं करतो’ म्हणालं, तर 2018 चा एक अमेरिकी अभ्यास लक्षात ठेवा: नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त निघाला.

आणि बाटली आधीच सुरू केली असेल तर घाबरू नका. बाटली थांबवा, हार्मोनची गोळी चालूच ठेवा. बाटली फेकू नका, लेबलसकट घेऊन या. कधीपासून आणि दिवसाला किती, ते कागदावर लिहा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा आणि लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या.