‘एकच प्याला’ वाचून प्रतिक्रिया कशी लिहावी

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर प्रतिक्रिया लिहायला सांगितली की बहुतेक वह्यांत दोनच गोष्टी सापडतात: कथानकाचा सारांश आणि दारूबंदीचं भाषण. दोन्ही नाटक न वाचताही लिहिता येतात, हीच अडचण आहे. प्रतिक्रियेत हवं ते एवढंच: नाटकातल्या कुठल्या जागी तुमच्यावर परिणाम झाला आणि ती जागा तो कसा घडवते.

नाटक पाच अंकी आहे. पहिलं वाचन पेन्सिल न घेता, शक्यतो दोन बैठकांत उरका. दिवसाला एक प्रवेश या हिशेबाने वाचलं तर सुधाकरची घसरण जाणवतच नाही, नुसते प्रसंग हाती लागतात. सुरुवातीलाच एका कागदावर नाती लिहून ठेवा: सुधाकर वकील, सिंधू त्याची बायको, पद्माकर सिंधूचा भाऊ, शरद सुधाकरची बालविधवा बहीण, रामलाल मित्र, तळीराम कारकून, गीता तळीरामची बायको. भगीरथ आला की त्यालाही त्यात घ्या. गडकऱ्यांची वाक्यं लांब, अलंकारांनी लदलेली. डोळ्यांनी वाचताना अर्ध्या वाटेत कर्ता हरवतो, म्हणून अडलं तिथे मोठ्याने वाचा. सिंधूचे संवाद तर मोठ्यानेच वाचायला हवेत. मनातल्या मनात वाचले की ते नुसतेच रडके वाटतात.

दुसऱ्या वाचनात समासात तीनच खुणा करा: हसू आलं तिथे ‘ह’, चीड आली तिथे ‘च’, पुढे वाचवेना तिथे ‘थ’. शेजारी अंक आणि प्रवेश लिहा. पान क्रमांकावर विसंबू नका, आवृत्तीगणिक पानं बदलतात.

‘ह’च्या खुणा विद्यार्थी सहसा सोडून देतात. शोकांतिकेवर लिहायचं तर विनोदाचं काय काम, असा समज असतो. पण तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे त्याच्या दारुड्या साथीदारांच्या मंडळाचे, प्रवेश खरोखर हसवतात, आणि तिथे हसलेला वाचक पुढे सुधाकरच्या घरात पोचतो तेव्हा त्याच दारूकडे पाहत असतो. तुम्ही कुठे हसलात आणि ते हसू कुठल्या प्रवेशात अंगाशी आलं, एवढं लिहिलंत तरी एक चांगला परिच्छेद होतो.

आता मुख्य काम. सुधाकरच्या हातात प्याला येण्याआधी काय घडतं, ते दर वेळी तपासा. पहिल्या वेळी कोर्टातला अपमान आणि सहा महिन्यांसाठी गेलेली वकिलीची सनद. गरिबीतून बुद्धीच्या जोरावर वर आलेल्या माणसाला ते सोसत नाही. तळीराम फक्त प्याला पुढे करतो. पुढे सुधाकर दारू सोडतो, कामासाठी जुन्या ओळखीच्यांकडे जातो, तिथेही अपमानच होतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा आधी अपमान, मग दारू. हे दिसलं की ‘दारूने संसाराचा नाश केला’ हे वाक्य अपुरं वाटू लागतं. अ‍ॅरिस्टॉटलचा ‘हॅमार्शिया’ (नायकाला विनाशाकडे नेणारी त्याची स्वतःची चूक) वापरायचाच असेल तर इथे वापरा, एकदाच, आणि तो सुधाकरच्या कोणत्या कृतीत दिसतो ते सांगून. नुसती संज्ञा टाकली की परिच्छेद गाईडमधून उतरवल्यासारखा दिसतो.

सिंधूबद्दल आजच्या वाचकाला चीड येते. ती दाबू नका. मात्र ‘ती अबला होती’ म्हणून सुटूही नका. माहेरचा पैसा ती नाकारते आणि दळण दळून घर चालवते. नवऱ्याच्या अभिमानाची किंमत ती स्वतःच्या हातांनी चुकवते. चीड कोणावर आहे, सिंधूवर, सुधाकरवर की तिला आदर्श ठरवणाऱ्या नाटकावर, हे ठरवल्याशिवाय लिहायला बसू नका. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. (तिसरं उत्तर लिहायला कठीण, पण वाचायला सगळ्यात रंजक.)

तपशिलात दोन चुका नेहमी होतात. नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची. त्यामुळे ‘कशि या त्यजूं पदाला’ उद्धृत करून ‘गडकरी इथे म्हणतात’ असं लिहू नका. आणि गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले. गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणलं ते त्यानंतर. तेव्हा प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून लेखकाला काय वाटलं, वगैरे कल्पना नकोत. बालगंधर्वांची ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू प्रसिद्ध आहे, पण तो प्रयोगाचा भाग झाला. तुम्ही वाचनाची प्रतिक्रिया लिहिताय, तर ते एका ओळीत आटपा.

सहाशे शब्दांची मर्यादा असेल तर कथानकाला ऐंशीच्या वर शब्द देऊ नका. खुणांपैकी दोनच जागा निवडा आणि प्रत्येकीला दोनशे शब्द द्या. पाच जागा घेतल्या की सगळ्यांना वरवर हात लागतो. उरलेल्या शब्दांत जे पटलं नाही ते लिहा. उदाहरणार्थ शेवट: मूल जातं, सिंधू जाते, सुधाकर विषाचा प्याला घेतो. इतके मृत्यू लागोपाठ आल्यावर धक्का वाढतो की बोथट होतो? उत्तर कुठलंही चालेल, संवादाचा आधार मात्र हवा.

लिहून झाल्यावर ‘हृदयद्रावक’, ‘मन हेलावून टाकणारं’, ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’ असे शब्द शोधून खोडा आणि तिथे प्रसंग घाला. ‘सिंधूची अवस्था पाहून मन हेलावतं’ याऐवजी: ‘सिंधू दळायला बसते तिथे मला दया येण्याआधी पद्माकरचा राग पटला; मग लक्षात आलं की माहेरी न जाण्याचा निर्णय तिचा स्वतःचा आहे.’ दुसऱ्या वाक्यावर वर्गात वाद घालता येतो.