खान्देशात राहून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग शिकताना

दहावीला विज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड घेता येतो. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतात. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कोणत्या संस्थेत हा ट्रेड आहे, हे पसंतीक्रम भरण्यापूर्वीच पाहून ठेवावे आणि शक्य असल्यास एकदा तिथली कार्यशाळा प्रत्यक्ष बघून यावे. कार्यशाळेत व्हॅक्यूम पंप, गेज मॅनिफोल्ड (गॅसचा दाब मोजण्याचा संच) आणि ब्रेझिंगचा (तांब्याच्या नळ्या ज्योतीने जोडण्याचा) संच रोजच्या वापरातले दिसतात की कपाटात बंद असतात, यावरून पुढच्या दोन वर्षांचा अंदाज येतो.

पहिले काही महिने विजेला द्यावेत. बहुतेक मुलांना लवकरात लवकर गॅस भरायला शिकायचे असते; पण एसी बंद पडण्याचे कारण अनेकदा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग), रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा सैल झालेली वायर असते. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबणाऱ्या यंत्राच्या, तीन टर्मिनलांपैकी कॉमन (दोन्ही गुंडाळ्यांचे सामाईक), रनिंग (मोटर चालू ठेवणाऱ्या गुंडाळीचे) आणि स्टार्टिंग (मोटर सुरू करणाऱ्या गुंडाळीचे) कोणते, हे मल्टिमीटरने ओळखण्याचा सराव हात बसेपर्यंत करावा. दोन-दोन टर्मिनलांमधला रोध मोजल्यावर समजा ३, ५ आणि ८ ओहम आला, तर ८ ओहम दाखवणारी जोडी रनिंग आणि स्टार्टिंगची असते आणि उरलेले टर्मिनल कॉमन. कॉमनपासून कमी रोध असलेले रनिंग, जास्त रोध असलेले स्टार्टिंग. हे करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करणे आणि कपॅसिटर डिस्चार्ज करणे यांत कधीही सूट घेऊ नये. पुरवठा बंद असला तरी कपॅसिटरमध्ये साठलेला भार जोराचा झटका देऊ शकतो.

त्यानंतर गॅसकडे वळावे, आणि वळताना एक गोष्ट मनात पक्की करावी. बंद नळ्यांमध्ये फिरणारा गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला, भरून द्या’ असे सांगितले जाते आणि कारागीरही गळती न शोधता गॅस भरून निघून जातो, हे मला मनापासून खटकते. ग्राहकाचे पैसे वाया जातात आणि गॅस पुन्हा हवेत जातो. योग्य पद्धत अशी: उरलेला गॅस काढून घ्यावा, नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरावा, प्रत्येक फ्लेअर जोडावर (नळीचे टोक पसरवून नटाने आवळलेल्या जोडावर) साबणाचा फेस लावून बुडबुडा धरतो का ते शांतपणे पाहावे, आणि दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजण्याचे दाबाचे एकक) खाली निर्वात करून मगच कंपनीने दिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरावा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होतो. आर-२२ हा जुना गॅस ओझोनच्या थराला बाधक असल्यामुळे १९८७च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ थोडा ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन आहे. म्हणून ब्रेझिंगला हात लावण्याआधी नळी रिकामी असल्याची खात्री करणे आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे.

हवेतल्या ओलाव्याचा धडा मुले टाळतात, पण तो खान्देशात घरबसल्या समजतो. एक साधा तापमापक घ्यावा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओली कापडी वात गुंडाळून त्यावर वारा घालावा आणि दोन्हींची नोंद करावी. मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांचा कूलर त्या दिवसांत २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. जुलैमध्ये हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली की दोन्ही तापमापकांत जेमतेम तीन अंशांचा फरक उरतो आणि तोच कूलर निरुपयोगी ठरतो. ही वही वर्षभर ठेवली, तर कुठे कूलर पुरेल आणि कुठे एसीच लागेल, हे ग्राहकाला आकड्यांनिशी सांगता येते.

माझ्या मते या भागातल्या विद्यार्थ्याने केवळ घरगुती एसीवर थांबू नये. रावेर, यावल, सावदा या केळीच्या पट्ट्यात रायपनिंग चेंबर (फळे पिकवण्याच्या खोल्या) आणि शीतगृहे आहेत, आणि शीतकरण, वायुवीजन व ओलावा हे तिन्ही विषय तिथे एकाच खोलीत भेटतात. हिरवी केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळपट पडते आणि ते फळ पुढे नीट पिकत नाही. पिकवताना खोली १६ ते १८ अंशांवर, आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे ठेवून इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सोडतात. मात्र श्वसनामुळे केळी स्वतःच उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, त्यामुळे ठरावीक वेळाने खोली हवेशीर करावी लागते, नाहीतर पिकण्याची क्रिया मंदावते. यंत्राची क्षमता ठरवताना भिंती आणि दारातून येणाऱ्या उष्णतेबरोबर फळाची ही उष्णताही धरावी लागते. शीतकरणाच्या क्षमतेचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक), सुमारे साडेतीन किलोवॉट, हे रूपांतर तोंडपाठ असावे.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करताना अशा एखाद्या शीतगृहाचाही विचार करावा. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात तापमानाचे नोंदवही-रजिस्टर मागून घ्यावे, रात्रीचे आकडे वाचावेत, आणि डीफ्रॉस्ट (थंड नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवणे) किती वेळाने होते, सेन्सर खोलीत कुठे बसवला आहे आणि वीज गेल्यावर जनरेटरवर कोणती यंत्रे आधी सुरू करतात, हे तिथल्या ऑपरेटरकाकांना विचारून लिहून घ्यावे.